‘येस’चे वारसदार

साशंक : ‘येस’ या नावाने आज जो रॉक-वृंद रंगमंचावर उभा राहतो, त्यात 1968 साली लंडनमध्ये त्याची स्थापना करणाऱ्या पाच जणांपैकी एकही उरलेला नाही, ही गोष्ट मी आरंभीच नमूद करून ठेवतो. ज्या पीटर बँक्सने हे नाव सुचविले तो गिटारवादक दोन वर्षांच्या आत बाहेर पडला. ऑर्गनवादक टोनी के 1971 साली गेला. ड्रमवादक बिल ब्रूफर्डने 1972 साली, वृंदाची सर्वश्रेष्ठ मानली जाणारी ‘क्लोज टू द एज’ ही तबकडी ध्वनिमुद्रित होताच, निरोप घेतला. गायक जॉन अँडरसन 2008 साली श्वसनाच्या विकाराने अंथरुणाला खिळला आणि त्याची जागा दुसऱ्यांनी चालविली. आणि ज्याच्या बेस गिटारवाचून या वृंदाची एकही स्टुडिओतील तबकडी त्याच्या हयातीत निघाली नव्हती, तो ख्रिस स्क्वायर 27 जून 2015 रोजी निवर्तला. ब्रूफर्डनंतर पन्नास वर्षे ड्रम सांभाळणारा ॲलन व्हाइटही मे 2022 मध्ये गेला. इतकी माणसे गळून पडली तरी नाव जेथल्या तेथे आहे, रॉजर डीनने रेखाटलेली ती वळणदार अक्षरे जेथल्या तेथे आहेत, आणि जाहिरातीत तीच अक्षरे पाहून मनुष्य तिकीट काढतो. त्या मनुष्याला नेमके काय विकले जाते, हे मला कोणी समजावून सांगावे.

अनुरागी : आपण जी यादी वाचून दाखविलीत ती खरी आहे, पण तिची पहिली तीन नावे आपल्याच दाव्याच्या विरुद्ध साक्ष देतात. बँक्स, के आणि ब्रूफर्ड हे तिघे गेले ते वृंदाच्या उतारवयात गेले नाहीत. 1970 ते 1972 या अवघ्या दोन वर्षांत गेले, आणि ‘येस’ला जी कीर्ती मिळाली ती नेमकी या स्थित्यंतराच्या काळात मिळाली. ‘टाइम अँड अ वर्ड’ या दुसऱ्या तबकडीवर गिटार बँक्सची आहे. परंतु ती प्रसिद्ध होण्यापूर्वीच त्याला दूर करण्यात आले होते, आणि अमेरिकेत ती विक्रीला आली तेव्हा तिच्या वेष्टनावर स्टीव्ह हाउचे छायाचित्र होते, ज्याने त्या तबकडीत एक तारही छेडलेली नव्हती. म्हणजे चेहरा एकाचा आणि बोटे दुसऱ्याची, हा प्रकार या वृंदाच्या दफ्तरात दुसऱ्याच वर्षी नोंदला गेला आहे. पुढे केला हॅमंड ऑर्गनचा मोह सोडवेना, इतरांना नव्या सिंथेसायझरांची ओढ लागलेली, म्हणून तो गेला आणि ‘स्ट्रॉब्ज’मधून रिक वेकमन आला. ब्रूफर्ड ‘किंग क्रिमसन’कडे गेला तेव्हा अमेरिकेचा दौरा तोंडावर आलेला होता, आणि व्हाइटला, जो त्यापूर्वी जॉन लेननबरोबर वाजवीत असे, ती सारी गुंतागुंतीची रचना थोडक्या दिवसांत आत्मसात करावी लागली. संस्थापकांच्या शिरगणतीवरच जर आपण अस्सलपणा ठरविणार असलात, तर 1974 च्या ‘रिलेयर’मध्ये केवळ दोन संस्थापक आहेत, आणि ज्या 1983 च्या ‘90125’ला जुने भक्त पाखंड समजतात तिच्यात, के परत आल्यामुळे, तीन आहेत. त्या हिशेबाने ‘रिलेयर’पेक्षा ‘90125’ अधिक अस्सल ठरेल, आणि हा निकाल आपल्यालाही मान्य होणार नाही.

साशंक : शिरगणती मी मागे घेतो, कारण तिने माझे काम होत नाही. पण तिच्या जागी जो निकष मी ठेवतो तो आपल्याच उदाहरणांतून निघालेला आहे. हाउ आला तेव्हा त्याने बँक्सची नक्कल केली काय? त्याने आपल्याबरोबर जाड पोटाची गिब्सन ईएस-175 गिटार आणली, जी त्या वेळी रॉकवादकाच्या हातात शोभत नाही असे मानले जाई. चेट ॲटकिन्सच्या वळणाची बोटांची करामत, जॅझचे स्वरगुच्छ, स्पॅनिश गिटारचा डौल, हे सारे एकाच माणसाच्या वादनात आले, आणि ‘द येस अल्बम’पासून रचनेचा घाटच पालटला. वेकमनने केसारखा ऑर्गन वाजविला नाही. रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये बसलेला हात आणि भोवताली रचलेल्या अनेक वाद्यांची उतरंड यांच्या बळावर त्याने वृंदाला एक प्रकारचे चर्चमधील भारदस्तपण दिले. व्हाइटचा ठोका ब्रूफर्डच्या ठोक्याहून जड आणि विसावलेला. पॅट्रिक मोराझ हा स्विस वादक 1974 साली आला आणि ‘रिलेयर’मध्ये असा एक धारदार, जवळजवळ क्रूर नाद शिरला, जो त्यापूर्वीही नव्हता आणि त्यानंतरही राहिला नाही. यांतील प्रत्येक नवागताने जागा भरली नाही, जागेचा आकार बदलला.

आता 2008 नंतरचे पाहा. अँडरसनच्या जागी जो बेन्वा डेव्हिड आला तो मॉन्ट्रियलच्या एका अनुकरणवृंदाचा गायक होता, आणि त्या वृंदाचे नावच मुळी ‘क्लोज टू द एज’ असे होते. आंतरजालावरील चित्रफीत पाहून स्क्वायरने त्याला हेरले. 2012 साली त्याच्या जागी जॉन डेव्हिसन आला, तोही ‘येस’ची गाणी गाणाऱ्या अनुकरणवृंदात गाऊन चुकलेला. दोघेही प्रामाणिक, दोघेही सुरेल. मी त्यांच्याविरुद्ध एक अक्षर बोलणार नाही. परंतु त्यांची निवड ज्या गुणासाठी झाली तो गुण सादृश्य हा होता. म्हणून माझे म्हणणे असे की, जोवर येणारा मनुष्य जाणाऱ्याहून वेगळा असे तोवर वृंद एक होता, आणि ज्या दिवशी येणारा जाणाऱ्यासारखा दिसू-गाऊ लागला त्या दिवसापासून वृंदाच्या एकत्वाविषयी शंका उत्पन्न झाली. हे उलटे वाटेल. पण परंपरा वेगळेपणाने चालते आणि सारखेपणाने थांबते, असेच या वृंदाचा इतिहास सांगतो.

अनुरागी : हा निकष आपल्या पहिल्या निकषापेक्षा पुष्कळ सूक्ष्म आहे, पण मध्ये 1980 हे साल आहे, ते आपण अलगद ओलांडून गेलात. त्या वर्षी अँडरसन आणि वेकमन दोघेही बाहेर पडले, आणि त्यांच्या जागी ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्स आले. म्हणजे ज्यांचे ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ आदल्या वर्षी इंग्लंडमध्ये अग्रस्थानी पोचले होते, तो ‘बगल्स’ नावाचा दोघांचा संसार उचलून या प्रचंड वाड्यात आणून बसविला. याहून विसदृश माणसे शोधूनही सापडली नसती. त्यांनी ‘ड्रामा’ नावाची जी तबकडी केली ती मी आजही आदराने ऐकतो. तिच्यात एक आवेश, एक धातूसारखी चकाकी आहे, आणि हाउचे वादन तिच्यात जितके बेभान आहे तितके अन्यत्र क्वचितच आढळेल. परंतु दौऱ्यात हॉर्नला अँडरसनची उंच पट्टीतील गाणी रात्रीमागून रात्री गावी लागली, त्याचा गळा त्या कामाचा नव्हता, आणि इंग्लंडमधील श्रोत्यांनी आपली नापसंती भर सभागृहात त्याच्या तोंडावर व्यक्त केली. वेगळा आला तर श्रोता म्हणतो, हा तो नव्हे. सारखा आला तर आपण म्हणता, ही नक्कल आहे. मग आत येण्याचा दरवाजा कोणता?

साशंक : दरवाजा कंठाचा आहे, आणि तो एकाच माणसाच्या मापाने घडविलेला आहे, असे मी उत्तर देईन. 1980 ने जे सिद्ध केले तेच 1983 ने दृढ केले. वृंद बरखास्त झाल्यावर स्क्वायर आणि व्हाइट यांनी जोहान्सबर्गच्या ट्रेव्हर रॅबिनला आणि जुन्या केला बरोबर घेऊन जो नवा संच उभारला त्याचे नाव ‘सिनेमा’ होते. गाणी बव्हंशी रॅबिनची, निर्मिती हॉर्नची, आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही मनात जुने नाव नव्हते. अँडरसनने येऊन त्या गाण्यांवर आपला आवाज ठेवला आणि त्या क्षणी ‘सिनेमा’चे ‘येस’ झाले. गिटार, रचना, घाट, सारे नवे. तरीही एका कंठाच्या आगमनाने नाव बहाल झाले, आणि त्याच तबकडीतील ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ जानेवारी 1984 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. तेथे पोचलेले या वृंदाचे दुसरे गाणे नाही.

अनुरागी : कंठ हीच सनद असती, तर 1989 साली अँडरसन हरला नसता. त्या वर्षी त्याने ब्रूफर्ड, वेकमन आणि हाउ यांना एकत्र केले. ‘क्लोज टू द एज’ रचणाऱ्या पाचांपैकी हे चौघे, आणि वर आपला तो अद्वितीय कंठ. तरीही त्यांना ‘येस’ म्हणवून घेता आले नाही, कारण नावाचा कायदेशीर हक्क स्क्वायरच्या बाजूस राहिला होता. म्हणून त्यांनी एखाद्या वकिलांच्या पेढीप्रमाणे चार आडनावे ओळीने लिहून आपली तबकडी काढली, आणि दौऱ्याच्या जाहिरातीत ‘येसचे संगीत’ एवढे शब्द घातले तरी त्यावरून कज्जा उभा राहिला. संस्थापकांची वाटणी पाहावी तर इकडे अँडरसन आणि ब्रूफर्ड, तिकडे स्क्वायर आणि के, म्हणजे अगदी समसमान. मग पारडे कशाने झुकले? वहिवाटीने. इतर सारे जात राहिले, येत राहिले, रुसले, आजारी पडले, स्वतंत्र दुकाने थाटून बसले. स्क्वायर मात्र 1968 पासून मरणापर्यंत आपल्या जागेवर राहिला. आणि मी हे केवळ कागदोपत्री म्हणत नाही. त्याची रिकनबॅकर बेस गिटार ऐका: इतर वृंदांत जे वाद्य भिंतीच्या पायासारखे दिसेनासे होऊन राहते, ते येथे मिझराबीने छेडलेले, तीव्र, खणखणीत, गिटारच्या बरोबरीने सूर मांडणारे असे आहे. गायक बदलला, गिटार बदलली, ‘ड्रामा’ झाले, ‘90125’ झाले, पण कानाला ‘हे तेच’ असे जे वाटत राहिले त्याचे निम्मे कारण हा आवाज होता. स्वतःला ल्युकेमिया झाल्याचे कळल्यावर त्याने आपली जागा बिली शेरवुडच्या हवाली केली, जो पूर्वी काही वर्षे याच वृंदात वाजवून गेलेला होता. ज्याने आयुष्यभर नाव सांभाळले त्यानेच ते पुढे सोपविले, याहून स्वच्छ वारसा मला कल्पिता येत नाही.

साशंक : वहिवाटीने जमिनीचा कब्जा सिद्ध होतो, त्या जमिनीत काय पिकते हे सिद्ध होत नाही. आपण 1991 चे ‘युनियन’ आठवा. कज्जे मिटले, दोन्ही पक्ष एकत्र आले, आठ माणसे एका गोल मंचावर उभी राहिली. दोन गिटारवादक, दोन ड्रमवादक, दोन कळफलक वाजविणारे. हक्काच्या दृष्टीने याहून निर्वेध ‘येस’ कधी झाली नव्हती, कारण दावा सांगणारा प्रमुख असा कोणी बाहेर उरलेलाच नव्हता. आणि तरीही ती तबकडी त्यांच्या इतिहासातील दुबळ्या तबकड्यांत मोडते. हाउ आणि वेकमन यांच्या जागी अनेक ठिकाणी भाडोत्री वादकांची बोटे वापरण्यात आली, आणि दोघांनीही आपली नाराजी कधी लपविली नाही. हक्कदार सारे हजर, संगीत गैरहजर. म्हणून मी विचारतो की, ज्या नावाचा मालक ठरविण्यासाठी आपण एवढा खटाटोप करतो, त्या नावाने संगीताविषयी काही हमी मिळते काय?

अनुरागी : हमी मिळत नाही, पण हमी 1977 सालीही नव्हती. वेकमन ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’वर रागावून 1974 साली गेला होता, तो परत आला, आणि स्वित्झर्लंडमधील मॉन्ट्रो येथे ‘गोइंग फॉर द वन’ ध्वनिमुद्रित होत असता शेजारच्या व्हेव्हे गावातील चर्चचा ऑर्गन त्याने वाजविला, ज्याचा आवाज दूरध्वनीच्या तारांवरून स्टुडिओत आणला गेला. वादक एका गावी, इतर चौघे दुसऱ्या गावी, आणि मध्ये टपाल-तार खात्याची तार. तरी ‘अवेकन’ या रचनेत त्या दोन गावांमधील अंतर कोणाच्या कानाला जाणवत नाही. मला ही घटना फार मोलाची वाटते, कारण पाच माणसे एकत्र नसतानाही वृंद असू शकतो, याचे ते प्रत्यक्ष प्रमाण आहे.

पण ‘टेल्स’चा उल्लेख आलाच आहे, तर तेथे थोडे थांबावे असे मला वाटते, कारण आपल्या वादाची किल्ली तेथे आहे. 1973 च्या मार्चमध्ये ब्रूफर्डच्या विवाहप्रसंगी जेमी मुइर या तालवादकाने, जो स्वतः लौकरच वाद्ये खाली ठेवून बौद्ध मठात निघून गेला, अँडरसनला परमहंस योगानंदांचे आत्मचरित्र वाचण्यास सांगितले. आणि जपानच्या दौऱ्यावर टोकियोच्या हॉटेलात ते वाचीत असता एका तळटीपेवर अँडरसनची दृष्टी स्थिर झाली, जिच्यात आपल्या शास्त्रग्रंथांचे श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र असे चार वर्ग सांगितले होते. त्या चार वर्गांवरून दुहेरी तबकडीच्या चार बाजू, प्रत्येक बाजूला सुमारे वीस मिनिटांची एकेक रचना, असा तो विस्तीर्ण बेत जन्मास आला. मी त्यातील श्रुती आणि स्मृती हे दोन वर्ग उचलतो. श्रुती अक्षरशः जशीच्या तशी राखायची असते. पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा तटबंदीने तिचा एक स्वरही हलू द्यायचा नसतो, आणि ती म्हणणाऱ्या वैदिकाचे नाव काय, तो आधीच्या वैदिकापेक्षा वेगळा काय करतो, हे कोणी विचारीत नाही. स्मृती मात्र युगायुगाने बदलते. आता मला सांगा, जी रचना पन्नास वर्षे लोकांच्या अंतःकरणात कोरली गेली आहे ती श्रुतीच्या कोटीत जाऊन बसली, आणि तिला जशीच्या तशी राखणारा डेव्हिसनसारखा शुद्ध कंठ मिळाला, तर त्याला आपण नक्कल का म्हणावे? पाठशुद्धी का म्हणू नये?

साशंक : हे आपण चांगले मांडलेत, आणि तितक्याच काळजीने मला याचे उत्तर दिले पाहिजे. श्रुती अपौरुषेय मानली जाते; तिला कर्ता नाही, म्हणूनच पाठकाला व्यक्तित्व नको. हे संगीत मात्र पुरते पौरुषेय आहे. ते पाच हट्टी तरुणांच्या भांडणातून जन्मले. ‘क्लोज टू द एज’ या शीर्षकरचनेची अठरा मिनिटे कशी तयार झाली? तुकडा वाजवायचा, अडायचे, वाद घालायचा, पुन्हा वाजवायचा, फितीचे तुकडे कापून जोडायचे, आणि दिवसाअखेर जे झाले ते दुसऱ्या दिवशी कोणालाच धड आठवू नये. ब्रूफर्ड या पद्धतीला कंटाळूनच गेला. त्या संगीतातील जो ताण आपणास आणि मला दोघांनाही मोहवितो, तो पाच विसंवादी स्वभावांनी एकमेकांना दिलेल्या प्रतिकाराचा ताण आहे. तो पाठ करता येत नाही. त्याचा परिणाम तेवढा पाठ करता येतो. आणि पाठशुद्धीच जर धर्म असेल, तर मग नव्या तबकड्या कशासाठी? ‘द क्वेस्ट’ 2021 साली आली, ‘मिरर टू द स्काय’ 2023 साली आली. दोहोंची निर्मिती हाउने केली. श्रुतीचे रक्षण करणारा मनुष्य नवी सूक्ते रचीत नाही.

अनुरागी : तो रचतो, कारण तो केवळ पाठक नाही, आणि येथेच मला आपल्याकडून अधिक न्यायाची अपेक्षा आहे. ‘मिरर टू द स्काय’ या नावाचीच जी जवळजवळ चौदा मिनिटांची रचना त्या तबकडीत आहे ती आपण शांतपणे ऐकली असेल, तर पंचाहत्तरी ओलांडलेल्या हाउची गिटार त्यात 1972 च्या आपल्याच वादनाची आठवण काढीत बसलेली नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. ती संथ आहे, एकेका स्वरावर रेंगाळते, तिच्यात घाई उरलेली नाही. पन्नास वर्षांपूर्वी तो असे वाजवू शकला नसता. वृंदातील एक माणूस म्हातारा होतो, आणि त्याचे वार्धक्य संगीतात उतरते, हे वेगळेपण आपल्या निकषात बसते की नाही?

साशंक : हाउपुरते बसते. त्याच्याविषयी माझा आक्षेप कधीच नव्हता. पण त्याच्याभोवती उभे असलेले लोक त्याला विरोध करीत नाहीत, हे मला त्या तबकडीत ऐकू येते. 1972 साली हाउने दहा सूर वाजविले तर स्क्वायर अकरावा असा वाजवी की त्या दहांचा अर्थ बदलावा. शेरवुड तसे करीत नाही. त्याला येत नाही असे मी म्हणत नाही. वारसदाराच्या भूमिकेमुळे तो स्वतःला तशी मुभा देत नाही. वडिलांच्या गादीवर बसलेला मुलगा जसा खर्चात हात आखडतो, तसे हे आहे.

आणि एक गोष्ट मला अधिक खुपते. 2011 च्या ‘फ्लाय फ्रॉम हिअर’ या तबकडीवर डेव्हिड गायला होता. 2018 साली तीच तबकडी पुन्हा काढण्यात आली आणि तिच्यावरील त्याचा आवाज काढून टाकून हॉर्नचा आवाज घालण्यात आला. प्रमुख गायक म्हणून त्या मनुष्याने ‘येस’ला दिलेली ती स्टुडिओतील एकमेव तबकडी होती, त्याची नोंदच जणू दफ्तरातून खोडली गेली.

अनुरागी : त्याच घटनेची दुसरी बाजूही आहे. ते शीर्षकगीत मुळात हॉर्न आणि डाउन्स यांचे, 1980 च्या दौऱ्यात वाजविलेले. ज्या गायकाला श्रोत्यांनी त्या वर्षी हाकलले त्याला त्याचे गाणे अडतीस वर्षांनी परत मिळाले. शिवाय जुनी प्रत नष्ट झालेली नाही. दोन्ही ऐकावयास मिळतात. तरी डेव्हिडला काय वाटले असेल या विचाराने मलाही अस्वस्थ वाटते, आणि त्या अस्वस्थतेवर माझ्याजवळ युक्तिवाद नाही.

परंतु नोंद खोडली गेली असे आपण म्हणता, तर मानाची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने तरी काय केले? 2017 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये ‘येस’चा समावेश झाला तेव्हा आठ नावे स्वीकारण्यात आली, त्यात रॅबिन होता, पण ज्याने नाव सुचविले तो बँक्स, जो 2013 मध्येच वारला होता, नव्हता, मोराझ नव्हता, हॉर्न नव्हता. त्या रात्री ‘राउंडअबाउट’ वाजविताना दिवंगत स्क्वायरच्या जागी ‘रश’ या कॅनडाच्या वृंदाचा गेडी ली उभा राहिला, आणि ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’मध्ये हाउने चक्क बेस गिटार हाती घेतली. कोणी कोणाच्या जागी वाजवीत होते, कोणी आपल्याच जागी नव्हते, आणि सभागृहातील एकालाही हे ‘येस’ नव्हे असे वाटले नसावे, अशी माझी समजूत आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत अँडरसन, रॅबिन आणि वेकमन यांनी आपल्या संचालाही ‘येस’ म्हणण्यास सुरुवात केली, आणि जगात काही काळ दोन ‘येस’ फिरत होत्या.

साशंक : आणि आजही एका अर्थी दोनच आहेत. एकीकडे नाव आहे, कंठ नाही. दुसरीकडे अँडरसन ‘बँड गीक्स’ या तरुण वादकांना घेऊन तीच जुनी गाणी गातो, 2024 साली त्याने त्यांच्यासह ‘ट्रू’ ही तबकडीही काढली. तेथे कंठ आहे, नाव नाही. दोन्हीकडे भोवतालची माणसे जुन्या तबकड्या ऐकत वाढलेली आहेत. रॉबर्ट फ्रिपने ‘किंग क्रिमसन’ची व्यवस्था याहून कठोरपणे लावली. 1974 साली वृंद संपला असे त्याने जाहीर केले, सात वर्षांनी तेच नाव घेऊन परतला तेव्हा दोन अमेरिकन बरोबर आणले आणि जुन्या संगीताची जवळजवळ सारी ओळख पुसून टाकली. स्वतःखेरीज कोणालाही कायम मानले नाही, आणि 2021 च्या डिसेंबरात टोकियोत शेवटचा कार्यक्रम करून थांबला. त्याच्या बाबतीत ‘हा तोच वृंद काय’ असा प्रश्न मला कधी पडला नाही. तेथे नाव म्हणजे एक काम होते. काम असेल तेव्हा उघडायचे, नसेल तेव्हा बंद करायचे. ‘येस’च्या नावाने कामाऐवजी मिळकतीचे रूप घेतले. माझ्या आक्षेपाचे मूळ, इतका वेळ बोलल्यावर, मला येथे सापडते. कोण उरले यापेक्षा, उरलेल्यांनी त्या नावाकडून काय मागितले, हे मी विचारतो आहे.

अनुरागी : तसे असेल तर आपल्यातील अंतर मी समजत होतो त्यापेक्षा निराळ्या ठिकाणी आहे. मीही त्या नावाकडून काही मागतो; पण मी ते श्रोता म्हणून मागतो. व्हाइट गेला तेव्हा पुढच्याच महिन्यात वृंद दौऱ्यावर निघाला, जे शेलनने ड्रम सांभाळले, आणि पन्नास वर्षे पुऱ्या झालेली ‘क्लोज टू द एज’ त्यांनी आरंभापासून अखेरपर्यंत वाजविली. ज्या तरुणाने 1972 साली जन्मही घेतला नव्हता त्याला ती अठरा मिनिटे हवेत, समोर, माणसांच्या हातून घडताना ऐकावयास मिळाली. फ्रिपच्या कठोर न्यायाने ती त्याला कोठे मिळाली असती? तबकडीत. तबकडीत ती संपून गेलेली आहे. मंचावर ती कोसळण्याची भीती प्रत्येक क्षणी असते.

साशंक : ही भीती मात्र खरी, आणि तेवढ्यापुरता मी आपल्याबरोबर त्या सभागृहात बसेन. पण उद्याचा विचार करा. हाउचा जन्म 1947 चा. एक दिवस तोही थांबेल आणि वृंद चालू ठेवायचा की नाही हा प्रश्न पुन्हा उभा राहील. त्या दिवशी जर त्यांनी ईएस-175 घेऊन हुबेहूब हाउसारखा वाजविणारा कोणी आणला, तर मी तिकीट काढणार नाही. जर त्यांनी असा कोणी आणला की ज्याच्या पहिल्याच सुराने जुने भक्त दचकावेत, तर मी पहिल्या रांगेत असेन. 1980 साली त्यांनी हा धोका पत्करला होता. आज ते पत्करीत नाहीत, एवढीच माझी तक्रार आहे.

अनुरागी : 1980 च्या त्या धाडसानंतर वर्षभराच्या आत वृंद मोडला होता, आणि ज्यांनी तो मोडताना पाहिला त्यांपैकी हाउ आणि डाउन्स हे दोघे आजच्या ‘येस’मध्ये आहेत. आपण त्यांच्याकडे जे मागता त्याची किंमत त्यांनी एकदा चुकती केलेली आहे. आपण पहिल्या रांगेत बसाल, हे मी मानतो. पण त्या वर्षी इंग्लंडच्या सभागृहांत हॉर्नच्या विरोधात जे ओरडले तेही पहिल्या रांगेतच बसले होते, आणि ‘येस’वर आपल्यापेक्षा त्यांचे प्रेम कमी आहे असे त्यांच्यापैकी कोणीही म्हटले नसते.